पुडीवरची चिठ्ठी

मसाला डंकावर द्यायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात दगडफूल निवडायचं काम माझ्याकडे असतं. धणे, खोबरं, तीळ, नागकेशर यांना कुणीही हात लावतं. दगडफुलाकडे कुणी फिरकत नाही, कारण त्यात कचरा फार. सालीचे कपटे, काटक्या, पाइनच्या सुया, कधी एखादं पीस. दोन वर्षांपूर्वी त्या राखाडी-काळ्या ढिगात बोटाला एक दोरा लागला. वीतभर लांब, पिवळट हिरवा, गोणपाटाच्या सुतळीसारखा. "काढून टाक ते, मुसळाला गुंडाळतं," आई म्हणाली. मी टाकला नाही. वाटीतल्या पाण्यात बुडवला. मिनिटभरात त्याचा ताठा उतरला. दोन्ही टोकं धरून अलगद ताणला, तेव्हा वरची साल जागोजाग तुटून मण्यांसारखी सुटी झाली आणि मण्यांच्या मधून पांढरी, चिवट दोरी दिसली. ताणली की जराशी लांबायची, सोडली की मागे यायची.

ही परीक्षा माझी नव्हे. हातातला झुपका उस्निआचा की आणखी कुणाचा, हे शैवाकांचे अभ्यासक रानात असंच बघतात. झाडावरून दाढीसारखी लोंबणारी शैवाकं बरीच आहेत, पण सालीच्या आत अशी लवचिक दोरी उस्निआचीच. शैवाक म्हणजे शैवाल आणि कवक यांनी मिळून थाटलेला संसार. घर कवक बांधतं, स्वयंपाक शैवाल करतं. आपलं दगडफूलही शैवाकच. फूल नाही आणि बऱ्याचदा दगडावरचंही नाही, झाडाच्या सालीवरचं. अरबीत या वाळक्या मालाला उश्ना म्हणत, त्यावरून युरोपातल्या पंडितांनी उस्निआ हे नाव घेतलं. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिकडचे औषधविक्रेते माणसाच्या कवटीवर उगवलेली 'उस्निआ' भारी किमतीला विकत. आपल्याकडच्या वैदूंना हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

दोऱ्याचं नाव असं कळलं. गाव कळेना. किराणावाला म्हणाला, वरून येतं. वरून म्हणजे कुठून, तर घाऊक बाजारातून. त्याच्यापलीकडे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या दोऱ्यापायी मी एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जाऊन बसले. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, पंख्याची मनाई. झाडाझुडपांचे नमुने मोठ्या कागदावर चिकटवून ठेवतात, पण शैवाकं दाबून सपाट केली तर ओळख जाते, म्हणून ती पाकिटात. हे पाकीट विकत आणलेलं नसतं. चौकोनी कागद खालून एक तृतीयांश वर दुमडायचा, वरची घडी त्याच्यावर घ्यायची आणि दोन्ही बाजू मागे वळवायच्या. देवळातल्या अंगाऱ्याची पुडी बांधतात तीच रीत. मी घाईघाईने आतला झुपका बघायला गेले, तर तिथल्या बाईंनी हात धरला. "ताई, नमुना कुठे पळत नाही. आधी चिठ्ठी वाचा."

चिठ्ठी पाकिटाच्या दर्शनी घडीवर चिकटवलेली असते. वर नाव. त्याखाली देश, जिल्हा, नेमकी जागा. समुद्रसपाटीपासूनची उंची. कशावर वाढलेलं होतं: कुठलं झाड, खोड की फांदी, की खडक. तारीख. गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याच्या वहीतला क्रमांक. एका कोपऱ्यात संस्थेची संक्षिप्त अक्षरं, दुसरीकडे दप्तर क्रमांक. पुण्याच्या संग्रहाची अक्षरं एएमएच, लखनौची एलडब्ल्यूजी, हेलसिंकीची नुसतं एच. जगभरच्या ३,००० हून अधिक हर्बेरियमांची अशी नावं एका सूचीत नोंदलेली आहेत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, कब्जेदार आणि पीकपाणी असतं, तसाच हा उतारा. फरक इतकाच, की इथला कब्जेदार वाळून पुडीत बसलेला असतो.

आणि सातबाऱ्यासारखेच इथेही फेरफार होतात. मूळ चिठ्ठीवर खाडाखोड करायची नाही हा दंडक. पुढच्या अभ्यासकाला नाव चुकीचं वाटलं, तर तो आपली वेगळी छोटी चिठ्ठी करतो, त्यावर आपल्या मते खरं नाव, सही, साल घालतो आणि ती जुनीच्या बाजूला चिकटवतो. त्या दिवशी पाहिलेल्या एका पाकिटावर अशा तीन चिठ्ठ्या होत्या. तिघांचं एकमेकांशी पटलेलं नव्हतं. तिघेही तिथेच शेजारी शेजारी.

या भांडणाला उस्निआच्या घराण्यात जुना इतिहास आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसने १७५३ साली साऱ्या शैवाकांना 'लायकेन' या एकाच नावाखाली कोंबलं होतं. त्यांची शिस्तीत मांडणी केली ती त्याच्याच शेवटच्या विद्यार्थ्याने. एरिक आखारिउस हा स्वीडनमधल्या वादस्तेना गावी डॉक्टर होता, पण त्याच्या नावाची आठवण राहिली ती शैवाकांमुळे. १८१० साली त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात एका जातीला नाव दिलं, उस्निआ लाँगिसिमा, म्हणजे सगळ्यांत लांब. ते खोटं नव्हतं. या जातीचा दोर तीन मीटरपर्यंत लांबतो, जगातल्या शैवाकांत सर्वांत लांब म्हणून तिचंच नाव घेतात. एक मुख्य दोर आणि त्याला काटकोनात फुटलेल्या असंख्य आखूड फांद्या, माशाच्या काट्यासारख्या. स्वीडनमध्ये तिला 'लाँगशेग' म्हणतात, सरळ 'लांब दाढी'. नॉर्वेतलं नाव जास्त गमतीचं आहे: हुल्ड्रा नावाची, गाईची शेपटी असलेली रानातली बाई तिकडच्या लोककथांत फिरते, तिचं हे शैवाक. आपल्याकडे एखाद्या जखिणीच्या नावावर झाडावरची जटा लावली असती, तसंच. आखारिउसच्या नमुन्यांचा मोठा वाटा आज हेलसिंकीच्या संग्रहात आहे आणि नावाचा वाद निघाला की अजूनही तिथली पुडी उघडावी लागते.

नंतर आला योझेफ मोतिका. या पोलिश अभ्यासकाने १९३६ ते १९३८ या काळात जगभरच्या उस्निआंवर लॅटिनमध्ये प्रचंड ग्रंथ काढला आणि त्यात चारशेहून अधिक जाती मांडल्या. संग्रहासंग्रहांतून पाकिटं मागवायची, बारीकसा फरक दिसला की नवं नाव. अडचण अशी, की उस्निआ फार लहरी. सावलीत लांब वाढते, उन्हात झुडपासारखी आखडते, वाऱ्याच्या जागी आणखी वेगळी. एकाच झाडाच्या दोन फांद्यांवरची दोन भावंडं मोतिकाच्या हिशेबात दोन जाती होऊ शकत. पुढे जिनिव्हाच्या फिलिप क्लेर्क यांच्यासारख्या अभ्यासकांनी युरोपातली उस्निआ पुन्हा तपासली आणि कितीतरी नावं एकमेकांत विरघळून गेली. मोतिकाला हसणं सोपं आहे. पण त्याने पाकिटं परत पाठवली होती आणि चिठ्ठ्या लावल्या होत्या, म्हणून त्याची चूक दुसऱ्याला शोधता आली. हर्बेरियममध्ये चुकायला मुभा आहे, पुडी हरवायला नाही.

आता नुसत्या डोळ्यांवर भागत नाही. नमुन्याचा कपटा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवतात, तो थेंब सिलिकाच्या पत्र्यावर ठेवून द्रावणात उभा करतात आणि त्यातली आम्लं वेगवेगळ्या उंचीवर चढून ठिपक्यांनी दिसतात. पिवळट हिरवा रंग असतो अस्निक आम्लाचा. ते १८४४ साली वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नावही उस्निआवरूनच पडलं. जंतू मारतं म्हणून त्याचं कौतुक झालं. वजन उतरवायच्या गोळ्यांत घातलं, तेव्हा लोकांची यकृतं बिघडली आणि २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. लाँगिसिमाची खूण आणखी सोपी आहे. आतल्या दोरीवर आयोडिनचा थेंब टाकला की ती निळी होते, शाळेत बटाट्याच्या फोडीवर करतो तसंच. बहुतेक उस्निआंची दोरी होत नाही. या आणि डीएनएतल्या पुराव्यांवरून उप्सालाच्या क्रिस्टिना आर्टिकुस यांनी २००४ साली तिला उस्निआतून काढून 'डोलिकोउस्निआ' या नव्या घरात बसवलं. जुन्या पाकिटांवर आणखी एक चिठ्ठी. सगळेच ती लावतात असं नाही.

लाँगिसिमाच्या पाकिटांचं मोल मात्र नावाच्या ओळीत नाही, गावाच्या ओळीत आहे. युरोपात ही जात एकेकाळी मध्य युरोपातल्या डोंगरांपासून स्कँडिनेव्हियाच्या स्प्रूसच्या रानांपर्यंत होती.  १९४८ साली स्टेन आल्नर या स्वीडिश अभ्यासकाने सूचिपर्णी झाडांवरच्या शैवाकांवर प्रबंध लिहिला, त्यात लाँगिसिमाचा नकाशा आहे. अशा नकाशातला एकेक ठिपका म्हणजे कुणीतरी कधीतरी बांधलेली पुडी किंवा लिहिलेली नोंद. १९८१ मध्ये पेर-आंडर्स एसेन आणि सहकाऱ्यांनी मध्य स्वीडनमधली तिची वस्ती तपशिलाने मांडली. जुन्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते घेऊन त्या जागी परत जायचं आणि दाढी आहे का बघायचं, ही रीत तिकडे रुळली ती याच जातीसारख्यांच्या निमित्ताने. पुष्कळ जागी ती नव्हती. पुष्कळ जागी ते रानच नव्हतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तिला ओलसर उताराची, म्हाताऱ्या स्प्रूसची रानं लागतात, जिथे झाडांमागून झाडं येत राहिली आणि मध्ये कधी उघडं मैदान झालं नाही. स्कँडिनेव्हियात तिला बीजाणूंची वाटीच क्वचित धरते. पसरते ती तुटून. वाऱ्याने दोराचा तुकडा तुटतो, शेजारच्या फांदीवर अडकतो आणि तिथे वाढतो. तुकडा जाणार किती? बहुतेक काही मीटर. म्हणजे गवताच्या गंजीला आग लागली तर उडी मारून पळणारा हा जीव नव्हे. शेजारच्या घरात ओट्यावरून ओट्यावर जाणारा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिकडे यंत्रांनी सरसकट तोड सुरू झाली, सबंध डोंगर एका दमात बोडका करून पुन्हा एका वयाची झाडं लावायची. झाडं परत आली. मधले ओटे नव्हते. रान अगदी अस्पर्श लागतं असंही नाही; अधूनमधून चार खोडं काढणारी जुनी तोड तिने नॉर्वेत सोसलेली दिसते. म्हणून 'माणसाचा हात लागला की संपलं' या सुस्काऱ्याला मी तयार नाही. हात किती आणि कसा, एवढाच प्रश्न होता.

दुसरा घाव हवेचा. मुळं नाहीत, पानावर असतो तसा मेणाचा थर नाही; पावसात आणि धुक्यात असेल ते शैवाक अंगात घेतं. हे ठळकपणे बोलून दाखवलं विल्यम निलांडर यांनी, १८६६ साली, पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं बघून: शहरात इतरत्र नाहीत ती इथे आहेत, म्हणजे इथली हवा बरी. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या दोघांनी इंग्लंड-वेल्ससाठी खोडावरच्या शैवाकांवरून हवेतला गंधकाचा धूर ओळखायची पट्टीच बनवली. दगडी कोळशाच्या धुरात टिकणारी पापुद्र्यासारखी एका टोकाला, तर झुडपासारखी, दाढीसारखी दुसऱ्या, स्वच्छ टोकाला. अंगाचा फैलाव जितका जास्त, तितका मार जास्त. धूर कमी झाल्यावर काही उस्निआ ब्रिटनमध्ये परत दिसू लागल्या, हेही नोंदलं गेलं. पुडीत जपलेला जुना तुकडा स्वतःच हवेची शिशी असतो: शंभर वर्षांपूर्वीच्या शैवाकातलं शिसं मोजून त्या काळी धूर कुठला होता याचा माग काढतात.

इथवर वाचून पाकीट म्हणजे ब्रह्मवाक्य असं वाटलं असेल तर थांबायला हवं. पाकिटं शैवाक कुठे आहे हे सांगण्याआधी गोळा करणारा कुठे गेला होता हे सांगतात. रेल्वे स्टेशन, डाकबंगला, थंड हवेचं ठिकाण यांच्या भोवती नोंदींची दाटी आणि पलीकडची दरी कोरी. जुन्या चिठ्ठ्यांवर पत्ता म्हणून नुसतं 'हिमालय' लिहिलेलं असतं. अशा नोंदीला संगणकात अक्षांश-रेखांश द्यायचे म्हणजे 'मु. पो. महाराष्ट्र' पत्त्यावर टपाल टाकण्यासारखं. आणि लोक दुर्मीळ ते उचलतात. दारातलं, रोजचं, मुबलक ते कुणी पुडीत बांधत नाही. त्यामुळे एखादी जात कधी मुबलक होती याचा पुरावा सगळ्यांत कमी सापडतो. उलट दुर्मीळ झाल्यावर नेमका पत्ता सांगणं हाच धोका होतो, म्हणून काही ठिकाणी नाजूक जातींच्या नोंदी मुद्दाम धूसर करून दाखवतात.

माझाही एक नमुना या चुकांच्या पोथीत जमा आहे. गेल्या पावसाळ्यात घाटमाथ्यावर वाटेत पडलेल्या फांदीवर बोटभर उस्निआ दिसली. ओली होती. मी हौसेने प्लास्टिकच्या पिशवीत घातली, बॅगेत टाकली आणि विसरले. आठवड्याने उघडली तर करडी बुरशी. कवकाच्या घराला दुसऱ्या कवकाने खाल्लं. म्हणूनच पाकीट कागदाचं.

भारतात या दाढ्या हिमालयात आहेत, ईशान्येला आहेत, निलगिरीत आहेत आणि सह्याद्रीच्या धुकट माथ्यांवरही. त्यांचा पाया घातला धरणीधर अवस्थी यांनी. लखनौला बसून त्यांनी उभी हयात शैवाकांत घालवली, त्यांचा संग्रह तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आहे. गीता अवस्थी यांनी १९८६ साली भारतातल्या उस्निआंचा समग्र आढावा जपानमधल्या नियतकालिकात छापला. त्यातल्या एका नव्या जातीचं नाव उस्निआ घाटेन्सिस. आपल्या घाटाचं नाव लॅटिन शेपूट लावून कायमचं त्या आढाव्यात गेलं आहे, आणि घाटात राहणाऱ्यांपैकी हे ठाऊक असलेला मला अजून भेटायचा आहे.

पुण्याचा वाटा याहून मोठा आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली उभ्या केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, अजरेकरांच्या नावाचं कवकांचं हर्बेरियम आहे. पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम घाटातली शैवाकं तिथे जमवली. २००५ साली त्याच संस्थेच्या मंडळींनी घाटेन्सिस प्रयोगशाळेत वाढवून तिचे जंतुविरोधी गुण तपासले. विचार सरळ होता. रानात सावकाश वाढणारी वस्तू औषधासाठी ओरबाडायची, की काचेच्या नळीत वाढवायची?

ओरबाडणं कल्पनेतलं नाही. कुमाऊँ-गढवालकडे झाडावरच्या शैवाकांना 'झूला' म्हणतात. डोंगरातली माणसं बांज आणि देवदाराच्या फांद्यांवरून ते काढतात, वाळवतात, पोती भरतात, आणि माल रामनगर, टनकपूरसारख्या पायथ्याच्या मंडयांत उतरतो. पुढे मसाल्याला जातो, कनौजच्या अत्तरवाल्यांकडे जातो. त्यात मुख्य माल पानासारख्या पसरणाऱ्या शैवाकांचा, दोरे आपोआप येतात. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर कस्तुरीमृग याच दाढ्यांवर दिवस काढतो. चीनच्या डोंगरातली चपट्या नाकाची माकडं लांब दाढी खातात. म्हणजे आपल्या आमटीला गिऱ्हाइकं आणखीही आहेत.

दिवसभर झाडं चढून पोतं भरणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला दर मिळतो तो वजनाला. माझा मुद्दा पोत्यापुरता आहे. हर्बेरियममध्ये चिमूटभर शैवाकाला हातभर चिठ्ठी, आणि मंडीत ट्रकभर शैवाकाला चिठ्ठीच नाही. कुठला डोंगर, कुठलं झाड, कुठल्या महिन्यात, सगळं तोलकाट्यावर पुसलं जातं. उद्या कुणी विचारलं, या दरीत दाढी कधी होती का, तर उत्तराला पुडी हवी. पोतं आपण खाऊन बसलेलो असू.

घरी आल्यावर मी औषधाच्या डब्यातलं टिंक्चर आयोडिन काढलं आणि जपून ठेवलेल्या दोऱ्याच्या उघड्या दोरीवर एक थेंब टाकला. तपकिरी डाग पडला. निळा नाही. म्हणजे लाँगिसिमा नव्हे. चारशे नावांपैकी दुसरं कुठलंतरी.

मग वहीचा कोरा कागद घेतला. खालची घडी वर, वरची त्याच्यावर, दोन्ही बाजू मागे. दोरा आत ठेवला आणि वर लिहायला बसले. नाव: उस्निआ, जात ठाऊक नाही. ठिकाण: किराणा दुकान, पुणे. उंची: फळीवरच्या तिसऱ्या डब्याची. झाड: या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं. तारीख मात्र नक्की होती, मसाला डंकावर नेल्याची. गोळा करणाऱ्याचं नाव लिहिण्याआधी आईने आतून विचारलं, दगडफूल निवडून झालं का.